माशांची संकष्टी

बहुतेक छंद उधळ्या माणसांच्या सोयीचे असतात. कॅमेरा घेतला की लेन्स लागते, लेन्स घेतली की तिला बॅग लागते, आणि गिर्यारोहणाला निघालेल्या माणसाची पहिली चढण दुकानाच्या पायऱ्यांचीच असते. हात आखडता घेतला की काम बिघडण्याऐवजी सुधारतं, असा छंद मला आजवर एकच सापडला. काचेच्या पेटीत गोड्या पाण्याचं तळं करायचं, त्यात पाणवनस्पती वाढवायच्या आणि त्यांना झेपतील एवढेच मासे ठेवायचे. याला सगळे 'प्लँटेड टँक' म्हणतात. मी मूळची कोल्हापूरची. बंगळुरूला येऊन पुष्कळ वर्षं झाली, पण भाजीवाल्याकडून कढीपत्ता फुकट मागून घेतल्याशिवाय पिशवी उचलायची नाही हा नियम मोडलेला नाही. तेव्हा हा छंद माझ्यासाठीच जन्माला आला असणार. घरात मात्र त्याचं श्रेय चिरंजीवांना जातं, कारण एक्सेल शीट त्यांनी केली होती.

या शहरात मुलं हट्टसुद्धा एक्सेलमध्ये करतात. शीटमध्ये जपानी दाणेदार माती होती, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर होतं, ते ठरल्या वेळी चालू-बंद करणारी विजेची झडप होती, बाटलीत भरलेले जिवाणू होते आणि किलोवर विकले जाणारे दगड होते. तळाची बेरीज माझ्या पहिल्या स्कूटरच्या किमतीच्या पुढे गेली होती. मी तिच्याखाली 'मंजूर: तीन हजार' असं टाइप केलं आणि शीट परत पाठवली.

चिरंजीवांचं दैवत म्हणजे ताकाशी अमानो. १९५४ साली जपानच्या निगाता भागात जन्मलेला हा माणूस आधी सायकल शर्यतीत उतरायचा, मग जंगलांचे फोटो काढू लागला आणि शेवटी ती जंगलं त्याने काचेत उतरवली. डोंगर, कुरणं, झाडांची बुंध्यापर्यंत शेवाळलेली खोडं, सगळं पाण्याखाली. २०१५ साली, म्हणजे तो गेला त्याच वर्षी, लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने चाळीस मीटर लांबीचा, एक लाख साठ हजार लीटर पाण्याचा टँक उभा केला. माणूस थोर, यात शंका नाही. पण थोरांचं अनुकरण करण्याआधी त्यांचं वीजबिल मागून घ्यावं.

माझं दैवत अमानोच्या शंभर वर्षं आधीचं. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनचा रसायनशास्त्रज्ञ. १८५० साली त्याने आपला प्रयोग तिथल्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची लांब पात्यांची पाणवनस्पती. वनस्पती माशांना प्राणवायू पुरवी, मासे वनस्पतीला खत पुरवत. अडलं एका ठिकाणी: जुनी पाती कुजून पाणी गढूळ होऊ लागलं. वॉरिंग्टनने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका भाग खाल्ला आणि त्यांची अंडी माशांनी खाल्ली. ना पंप, ना वीज, ना सिलिंडर. तीच व्हॅलिस्नेरिया आज शिवाजीनगरला रसेल मार्केटच्या आसपास सर्वांत स्वस्त जुडीत मिळते, आणि गोगलगायी तिच्या पात्याला चिकटून फुकट येतात. दुकानदार त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. मी त्याला करू दिली.

चिरंजीव म्हणाले, "आई, १८५० चं सोड, काहीतरी मॉडर्न सांग." तेही होतं. डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ साली प्लँटेड टँकच्या पर्यावरणावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांची रीत अशी की तळाला इंचभर साधी बागेतली माती, तिच्यावर इंचभर खडी, पहिल्याच दिवशी भरपूर वनस्पती आणि मासे मोजके. मातीतला सेंद्रिय भाग कुजताना कार्बन डायऑक्साइड देतो, माशांची घाण खत होते. बाई शास्त्रज्ञ असल्याने चिरंजीवांना पुढे बोलता आलं नाही. विकतची जपानी माती रद्द झाली, नर्सरीतून लाल माती आली आणि ती पिठाच्या जुन्या चाळणीतून चाळली गेली.

सिलिंडरच्या बाबतीत मात्र त्यांनी सहजासहजी हार मानली नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर, कोमट पाणी आणि यीस्ट घालून नळीने टँकमध्ये बुडबुडे सोडण्याचा उपाय त्यांनी काढला. हा उपाय जगभरचे गरीब मत्स्यप्रेमी करतात आणि तो चालतो. फक्त साखरेवर यीस्ट बसलं की कार्बन डायऑक्साइडबरोबर आणखीही एक पदार्थ तयार होतो. चार दिवसांनी मुलाच्या खोलीतून वास येऊ लागला, तेव्हा मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनी नातवाकडे असं पाहिलं की बाटली त्याच संध्याकाळी निकालात निघाली.

बंगळुरूत जुना टँक मिळवायला कष्ट पडत नाहीत. लोक इथे नोकरीला येतात, दोन-तीन वर्षं राहतात आणि हैदराबादला किंवा कॅनडाला उठून जातात. जाताना सोफा विकतात, कुंड्या वाटतात, आणि माशांचा टँक कुणाच्या गळ्यात घालावा हे न कळून शेवटी लिफ्टशेजारी ठेवतात. आमचा असाच आला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ छप्पन लीटर. काचेवर क्षारांची पांढरी रेघ होती, ती व्हिनेगरने गेली. बाल्कनीत खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर भरून ठेवला. सकाळी कागद कोरडा होता. पाणी, माती, दगड आणि काच मिळून वजन पाऊणशे किलोंच्या घरात जातं, म्हणून शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर जाड प्लायवूड टाकलं आणि मध्ये टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल. तो मी का जपून ठेवला होता, हे घरच्यांना त्या दिवशी कळलं.

दगडांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे मला खरा आनंद झाला. शीटमधले 'ड्रॅगन स्टोन' किलोमागे दोन-अडीचशे रुपयांचे. आता बंगळुरू ज्या खडकावर वसलं आहे तो द्वीपकल्पीय नाइस पृथ्वीवरच्या जुन्या खडकांपैकी एक. लालबागेतली टेकडी त्याचीच. वय सुमारे तीनशे कोटी वर्षं, आणि सरकारने तिला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलेलं आहे. त्या टेकडीला अर्थातच हात लावायचा नाही. पण त्याच जातीचा खडक या शहरात कुठेही पाया खणला की वर येतो, आणि बंगळुरूत पाया खणला जात नाही अशी गल्ली नाही. शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनला चहापाण्याला वीस रुपये दिले आणि पाच-सहा दगड निवडून घेतले. त्यांवर व्हिनेगर टाकून पाहिलं, फेस आला नाही. फेस आला तर दगडात चुना असतो आणि तो पाण्यात उतरत राहतो. तीनशे कोटी वर्षांना वीस रुपये. वर्षाचा दर काढून शीटमध्ये भरा असं मी चिरंजीवांना सुचवलं, पण एक्सेलमध्ये इतकी दशांश स्थळं बरी दिसत नाहीत म्हणाले.

दिव्याचं काम साध्या एलईडी बल्बवर भागलं. खोक्यावर '६५०० के' छापलेला पांढरा बल्ब वनस्पतींना चालतो. त्यांना ब्रँड वाचता येत नाही. इथेच या छंदाची मेख माझ्या लक्षात आली. दिवा बारा तास ठेवला तर वनस्पतींपेक्षा शेवाळ जास्त खूश होतं. सहा-सात तासांनी विझवला तर काच स्वच्छ राहते. खत जास्त झालं तर शेवाळ. मासे जास्त झाले तर शेवाळ. खाणं जास्त झालं तर आधी अमोनिया आणि मग शेवाळ. लहानपणापासून "दिवा बंद कर" आणि "ताटात टाकू नकोस" हे ऐकत वाढलेल्या बाईला याचं वेगळं शिक्षण घ्यावं लागत नाही.

हवा तर इथली फुकटच. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरचं हे शहर, त्यामुळे थंडीत हीटर नको आणि उन्हाळ्यात पाणी गार करायचं यंत्र नको. नागपूरची माझी मावसबहीण मे महिन्यात टँकमध्ये बर्फाच्या पिशव्या सोडते.

पाणी मात्र बंगळुरूत कधीच फुकट नसतं. कावेरी शंभरेक किलोमीटरवरून येते, तीही सुमारे अर्धा किलोमीटर उंची पंपांनी चढून. ती कमी पडली की बोअरवेल आणि बोअरवेल आटली की टँकर. कावेरीच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते बादली रात्रभर उघडी ठेवली की बरंचसं उडून जातं. घाई असेल तर फोटोवाले वापरायचे तो हायपो, चिमूटभर पुरे. बोअरचं पाणी जड. गिझरची कॉइल त्याने पांढरी पडते, केस राठ होतात, डाळ शिजत नाही. पण व्हॅलिस्नेरियाला त्या जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेता येतो आणि गप्पी मासे त्यात सुखाने नांदतात. आमच्या सोसायटीच्या पाण्याला कुणीतरी चांगलं म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग.

मग वाट पाहणं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि ते वनस्पती उचलतात. पहिले दोन माशांना विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू स्थिरावायला महिना-दीड महिना लागतो. बाटलीतले जिवाणू शीटमध्ये साडेसातशे रुपयांना होते. चौथ्या मजल्यावरच्या काकांचा टँक जुना आहे असं कळल्यावर मी स्टीलचा डबा घेऊन गेले आणि त्यांच्या स्पंज फिल्टरचा काळा गाळ पिळून आणला. शेजारून विरजण आणायचं, त्यातलाच प्रकार. डबा नंतर माळ्यावर गेला, याची नोंद घरच्या आग्रहास्तव करते.

हिरवं पीक धरू लागलं आणि एका दुपारी हायड्रिलाच्या टोकांवरून बारीक बुडबुड्यांची माळ वर जाताना दिसली. हे दृश्य पाहायला लोक हजारो रुपये घालवतात म्हणे. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल: चंचुपात्र, पालथं नरसाळं, त्यावर परीक्षानळी, आत हायड्रिला. आमच्या शाळेत परीक्षानळी एकच होती आणि तिच्यात बुडबुडा यायच्या आत तास संपायचा. तो बुडबुडा मला इतक्या वर्षांनी पाहायला मिळाला.

मासे घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने आधी एक काळपट, ठिपक्यांचा, काचेला तोंड चिकटवून बसलेला मासा पुढे केला. "मॅडम, ये लेके जाव, काच साफ करता." मी म्हटलं, नको. "नक्को तो नक्को," म्हणून त्याने जाळी आवरली. हा सकर मासा विकताना बोटभर असतो आणि पुढे फूटभराच्या वर जातो. मग तो कुणी गुपचूप तलावात सोडतं आणि तिथून तो कुठेही पोचतो. उजनी धरणावरच्या मच्छीमारांना विचारा. हा घोळ तसा फार जुना आहे. शतपथ ब्राह्मणातल्या मनूच्या ओंजळीत सकाळच्या पाण्याबरोबर मासा आला, तो त्याने कुंभात ठेवला. कुंभ पुरेना म्हणून खड्डा केला, खड्डा पुरेना म्हणून समुद्रात नेऊन सोडला. मोठा टँक घ्यावा लागणार हे दुकानदार आधी सांगत नाहीत, ही तक्रार तेव्हापासूनची.

चिरंजीवांचं मन 'मिस केरळ'वर होतं. लाल-काळ्या पट्ट्यांचा अतिशय देखणा मासा. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या घाटाच्या ओढ्यांतला. परदेशी शौकिनांनी इतका उचलला की आता संकटग्रस्त यादीत आहे. २०१३ साली पुण्याच्या आयसरमधले नीलेश डहाणूकर आणि त्यांचे केरळचे सहकारी यांनी त्याला वेगळी प्रजाती दिली, तिचं नाव सह्याद्रिया. सह्याद्रीचं नाव लावणारा मासा दोन फुटांत कोंडायला माझ्या हाताला बळ येईना, आणि किंमत ऐकल्यावर तर मुळीच येईना. आम्ही सहा झेब्रा मासे घेतले. हेही अस्सल इथलेच; हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्यांचं वर्णन केलं, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळा त्यांच्यावर चालतात. याच शहरात एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संस्थेत त्यांच्या मेंदूवर संशोधन होतं. आमच्याकडे त्यांच्या मेंदूवर ताण नाही. त्यांच्या जोडीला गप्पी: एक नर, दोन माद्या.

आणि इथे सासूबाई प्रकरणात शिरल्या.

सांगलीच्या बाईला भुकेलं तोंड बघवत नाही. मासे तर माणूस दिसला की काचेपाशी धावतात आणि तोंडं उघडमीट करतात, मग पोटात कितीही असो. "अगं, बघ की कशी तोंडं वासतायत बिचारी. यांना सकाळपासून काही दिलंस का?" मी म्हणायची, "आई, दिलंय, चिमूटभर पुरतं त्यांना." त्यावर त्या गप्प बसायच्या आणि मी ऑफिसला गेले की पोळीचा चुरा पडायचा. पाणी दुधाळ व्हायचं, संध्याकाळी मी ते उपसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कल्याणीच्या सोमेश्वर राजाने ११२९ च्या सुमारास लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त कोणत्या माशाला कोणतं खाणं घालावं याचं साग्रसंगीत वर्णन आहे, हे चिरंजीवांनी आजीला कौतुकाने सांगितलं. राजा ते गळाला लावण्यासाठी घालत असे, हे सांगायचं मात्र टाळलं.

शेवटी मला जाणकारांचा एक सल्ला आठवला: आठवड्यातून एक दिवस माशांना काही घालू नये, त्यांचं पोट साफ राहतं. मी म्हटलं, "आई, माशांना उपवास लागतो."

चित्र एकदम पालटलं. कुठला वार, यावर सासूबाईंनी विचार केला. सोमवार ठरला. पुढे त्यात एकादशी आणि संकष्टीची भर पडली. "उपवासाला काहीतरी चालत असेल ना? वरीचे तांदूळ?" मी म्हटलं, काही नाही, कडक. "निर्जळी?" तेवढं मात्र त्यांना जमण्यासारखं नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं आणि खूप वेळ त्या एकट्याच हसत होत्या. संकष्टीला चंद्रोदयानंतर चिमूटभर खाणं त्याच घालतात. पाणी इतकं नितळ झालं की चौथ्या मजल्यावरचे काका आमचा गाळ मागायला आले.

दुसरा पेच पाण्याचा. मार्च २०२४ मध्ये इथे टंचाई इतकी झाली की पिण्याचं पाणी बागेला किंवा गाडीला वापरल्यास पाच हजारांचा दंड लागला. बाल्कनीतल्या कुंड्या सुकल्या. टँकमधून उपसलेलं पाणी पिण्याचं नव्हतं आणि त्यात नायट्रेट होतं, म्हणजे कायदाही सांभाळला जात होता आणि खतही मिळत होतं. कढीपत्ता महिनाभरात असा फोफावला की भाजीवाल्याकडचा माझा हक्क धोक्यात आला. प्रश्न होता तुळशीचा. माशांचं पाणी तुळशीला? सासूबाईंचा चेहरा कठीण झाला. मी मत्स्यावतार काढला. विष्णूचा पहिलाच अवतार, आणि तुळस विष्णूचीच. मग अडचण कुठे येते? दोन दिवस त्यांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याचा मग हातात घेऊन त्या स्वतःच टँकपाशी उभ्या होत्या.

तोवर गप्पींनी आपलं काम सुरू केलं होतं. मादी महिन्याला पिल्लं टाकते आणि नराची गरजही तिला दर वेळी पडत नाही. एकदाच्या भेटीची शिदोरी ती महिनोन् महिने साठवते. या बाबतीत ती माझ्याही पुढे आहे. वनस्पती दाट असल्याने पिल्लांना लपायला जागा भरपूर. एवढी पिल्लं वाढवून टँकचं गणित बिघडवायचं नव्हतं आणि तलावात सोडायची नव्हती. आधी शेजारी घेऊन गेले, मग ऑफिसातले. पुढे माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की लोक लिफ्टऐवजी जिन्याने जाऊ लागले. गप्पी मासे १९०८ साली इंग्रजांनी या देशात डासांच्या अळ्या खाण्यासाठी आणले, आणि 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर मी वाचलं होतं, पण ते पाळणारे हवे असताना मिळत नाहीत.

अशात घरमालक आले. बंगळुरूचे घरमालक दहा महिन्यांचं भाडं अनामत ठेवून घेतात आणि वर्षातून एकदा ती जागेवर आहे ना, हे भिंतींकडे पाहून तपासतात. टँक दिसताच थबकले. "वेट एष्टु, मा?" मी वजन थोडं हलकं करून सांगितलं. मग ते वाकून पाहू लागले, बराच वेळ पाहत राहिले, आणि म्हणाले की त्यांच्या तळघरातल्या टाकीत डास फार झालेत, डेंगीची भीती वाटते. मी आतून पिशवी आणली. वीस गप्पी त्यांनी आनंदाने नेले.

आठवड्याने नवा करार आला. भाडं पाच टक्के वाढवलं होतं आणि फोनवर नेहमीचं वाक्य: "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." मी गप्पींची चौकशी केली. खुशाल होते, डास कमी झाले होते. मग मी पुन्हा भाड्याचं काढलं. साडेचार टक्क्यांवर तुटलं. पस्तीस हजारांवर अर्धा टक्का म्हणजे महिन्याला पावणेदोनशे, वर्षाला एकवीसशे. चिरंजीवांनी शीट उघडून तीन हजारांतून एकवीसशे वजा केले. उरलेल्या नऊशेंसाठी एक मादी पुन्हा पोट वाढवून फिरते आहे.